एका पातळ पटलाची कथा

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, किंवा शेजारी १९७३ साली सुरू झालेल्या सीप्झमध्ये, ज्या कारखान्यांत धातूंवर मुलामा चढवतात किंवा इलेक्ट्रॉनिक भाग धुतात, तिथे नळाचे पाणी थेट वापरून चालत नाही. त्यातले क्षार आधी काढून टाकावे लागतात. त्यासाठी कुठेतरी एका कोपऱ्यात दोन उभ्या टाक्या असतात. टाकीचे झाकण उघडले तर आत खसखशीपासून मोहरीपर्यंतच्या आकाराचे पिवळसर-तपकिरी मणी दिसतात. कामगार त्यांना नुसते 'रेझिन' म्हणतात. पाण्याचे शुद्धीकरण हा आजचा आपला विषय नाही. पण इंधन घटाच्या इतिहासातले एक महत्त्वाचे वळण या मण्यांपासून सुरू होते, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करू.

मणी पॉलिस्टायरिनचा असतो. पॉलिस्टायरिन म्हणजे ज्याचे थर्मोकोल होते ते बहुवारिक. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या दुव्यांनी बांधलेल्या असतात, त्यामुळे मणी पाण्यात फुगतो पण विरघळत नाही. साखळीवरच्या बेंझीन वलयांना सल्फोनिक आम्लाचे गट जोडलेले असतात. गंधकाम्लाचा रेणू एका बाजूने प्लास्टिकला कायमचा चिकटवून टाकला, अशी कल्पना करा. आम्लाचा ऋण भाग खुंटीला बांधलेल्या गुरासारखा जागच्या जागी राहतो. धन भाग, म्हणजे प्रोटॉन, मात्र मोकळा असतो. पाणी असेल तर तो एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत फिरू शकतो, किंवा दुसऱ्या धनायनाला जागा देऊन बाहेर पडू शकतो.

हे वर्गात दाखवता येते. पाणी मृदू करण्याच्या यंत्रातले वापरलेले मणी दोन चमचे मिळवा. ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात अर्धा तास ठेवा. मग ऊर्ध्वपातित पाण्याने धूत राहा, धुतलेल्या पाण्यात निळा लिटमस निळाच राहीपर्यंत. आता त्यांवर साध्या मिठाचे पाणी ओता आणि खाली आलेल्या पाण्यात निळा लिटमस बुडवा. तो लाल होतो. मीठ आम्लधर्मी नाही आणि मणीही धुऊन घेतले होते, तरी आम्ल आले कुठून? नवव्या-दहावीच्या मुलांना हा प्रश्न पाच मिनिटे तसाच विचार करायला द्यावा. सोडियमने प्रोटॉनची जागा घेतली, हे उत्तर त्यांच्यातलेच कोणीतरी देते.

हा मणी लाटून पातळ पत्रा केला, त्याच्या एका अंगाला हायड्रोजन आणि दुसऱ्या अंगाला ऑक्सिजन ठेवला, तर काय होईल? हा विचार सुचायला इंधन घटाच्या शोधानंतर शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

इंधन घट विल्यम ग्रोव्ह याचा. वेल्समधील स्वानसीचा हा गृहस्थ वकील होता, पुढे न्यायाधीशही झाला. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन व ऑक्सिजन मिळतात, हे त्या काळी ठाऊक होते. १८३९ मध्ये ग्रोव्हने उलटा प्रयोग केला. सौम्य गंधकाम्लात प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या बुडवल्या, एकीवर हायड्रोजनची नळी आणि दुसरीवर ऑक्सिजनची नळी उपडी घातली, आणि तारेतून प्रवाह मिळाला. १८४२ मध्ये त्याने अशा घटांची मालिका जोडून 'वायूची बॅटरी' केली आणि तिच्या विजेने पुन्हा पाण्याचेच विघटन करून दाखवले.

घटातली क्रिया साधी आहे. एका बाजूला हायड्रोजनच्या रेणूचे दोन प्रोटॉन व दोन इलेक्ट्रॉन होतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने दिवा पेटवत, मोटर फिरवत दुसऱ्या बाजूला जातात. प्रोटॉन आतून जातात. दुसऱ्या बाजूला दोघे ऑक्सिजनला भेटतात आणि पाणी तयार होते. आदर्श स्थितीत एका घटाचा दाब १.२३ व्होल्ट. चालू घटात तो साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतो, म्हणून घट एकापुढे एक रचावे लागतात. (शिक्षकांसाठी एक सूचना. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'धनाग्र' हा शब्द विद्युत अपघटनासाठी ठीक आहे. इंधन घटात मात्र ज्याला ॲनोड म्हणतात तो हायड्रोजनकडचा अग्र, आणि तो घटाचा ऋण टोक असतो. मुलांचा गोंधळ टाळायचा तर 'हायड्रोजनची बाजू' व 'ऑक्सिजनची बाजू' म्हणावे, हे उत्तम.)

ग्रोव्हच्या घटातली अडचण दोन बाजूंच्या मधल्या जागेत होती. तिथे द्रवरूप आम्ल होते. आम्ल गळते, सांडते, धातू खाते. त्यात विरघळून वायू थोडे थोडे पलीकडे पोचतात. आणि द्रव पात्रात ठेवायचा म्हणजे दोन अग्रांत अंतर ठेवणे आले, अंतर वाढले की रोध वाढला. मधल्या वस्तूने प्रोटॉन जाऊ द्यावेत, इलेक्ट्रॉन अडवावेत, दोन्ही वायू अडवावेत, आणि हे सगळे कागदाएवढ्या जाडीत करावे, ही अपेक्षा एकोणिसाव्या शतकातला कोणताच पदार्थ पुरी करू शकत नव्हता. बहुवारिकांचे रसायनशास्त्रच तेव्हा जन्माला यायचे होते.

ते आले तेही इंधन घटासाठी नव्हे. १९३५ मध्ये इंग्लंडमधील टेडिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲडम्स आणि होम्स या दोघांनी पाण्यातले क्षार काढणारी पहिली कृत्रिम रेझिने केली. १९४४ मध्ये अमेरिकेत डी'अलेलिओ या रसायनशास्त्रज्ञाला सल्फोनेट केलेल्या पॉलिस्टायरिनचे पेटंट मिळाले. मरोळच्या टाकीतला मणी तो हाच. डी'अलेलिओ जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत होता. त्याच कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत विलर्ड ग्रब याने १९५५ मध्ये या पदार्थाचे पटल घेऊन इंधन घट केला. पुढे त्याच्या सहकाऱ्याने, लिओनार्ड निड्राक याने, पटलावर प्लॅटिनमचा थर चांगल्या रीतीने बसवण्याची युक्ती काढली. द्रव गेला, त्याच्या जागी एक ओलसर पत्रा आला.

ओलसर हा शब्द महत्त्वाचा आहे. पटल वाळले तर त्यातून प्रोटॉन जवळजवळ जात नाहीत. कारण समजून घ्यायला आणखी मागे, १८०६ पर्यंत जावे लागते. त्या वर्षी थिओडोर ग्रोट्थुस या तरुणाने पाण्यातून वीज कशी जाते याची कल्पना मांडली होती. त्याची भाषा आज जुनी झाली आहे, पण गाभा टिकला आहे. प्रोटॉन स्वतः लांबचा प्रवास करत नाही. इमारतीचा स्लॅब घालताना मजूर ओळीने उभे राहून घमेली हातोहात वर पोचवतात, मजूर मात्र आपापल्या पायरीवरच असतो. तसाच पाण्याचा एक रेणू शेजारच्याला प्रोटॉन देतो, तो पुढच्याला त्याच्याजवळचा एक देतो. ओळीतले मजूर, म्हणजे पाण्याचे रेणू, कमी झाले की घमेली पुढे सरकत नाहीत.

अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमाला हा घट पसंत पडला. आठवडाभराच्या प्रवासाला पुरेल इतकी वीज साध्या विजेऱ्यांतून घ्यायची तर वजन परवडत नव्हते. २१ ऑगस्ट १९६५ रोजी जेमिनी-५ यान गॉर्डन कूपर आणि चार्ल्स कॉनराड यांना घेऊन निघाले, त्यात ग्रबच्या परंपरेतले घट होते. मानवाला घेऊन गेलेल्या यानात इंधन घट वापरण्याची ती पहिली वेळ. सुरुवातीलाच ऑक्सिजनच्या टाकीतला तापक बिघडला, दाब घसरला आणि मोहीम आवरती घ्यावी की काय अशी वेळ आली. वीज जपून वापरत यान आठ दिवस राहिले. तो बिघाड टाकीचा होता. पटलाचा दोष वेगळ्या ठिकाणी दिसला, घटातून निघणाऱ्या पाण्यात. शुद्ध हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून झालेले पाणी खरे तर पिण्याजोगे हवे. जेमिनीचे पाणी तसे नव्हते. त्यात पटलाचे विघटन होऊन सुटलेले सेंद्रिय तुकडे होते. अंतराळवीरांना प्यायला पाणी वेगळे न्यावे लागले.

पटल आतून खाल्ले जात होते. घटात काही ऑक्सिजन पलीकडे झिरपतो आणि मधल्या पायरीवर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्यापासून होणारे हायड्रॉक्सिल मूलक अत्यंत आक्रमक असतात. पॉलिस्टायरिनच्या साखळीत बेंझीन वलयाला लागून जो कार्बन असतो, त्याच्यावरचा हायड्रोजन ते सहज उचलतात, आणि साखळी तिथे तुटते. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत म्हणूनच पटलाचे घट नव्हते. इंग्रज अभियंता फ्रान्सिस बेकन याने विकसित केलेल्या, अल्क वापरणाऱ्या घटांपासून केलेली रचना तिथे होती. तिचे पाणी अंतराळवीर पीत. पहिली फेरी पटल हरले.

उपाय रसायनशास्त्राच्या दृष्टीने उघड होता. जो बंध तुटतो तोच ठेवू नये. कार्बन आणि हायड्रोजन यांचा बंध तोडायला मोलमागे सुमारे ४१३ किलोजूल लागतात, कार्बन आणि फ्लुओरीन यांच्या बंधाला सुमारे ४८५. शिवाय फ्लुओरीनचे अणू साखळीभोवती असे दाटीने बसतात की हल्लेखोराला कार्बनपर्यंत वाटच मिळत नाही. असा पदार्थ ड्यू पाँट कंपनीच्या हाती १९३८ सालापासून होता. ६ एप्रिलला रॉय प्लंकेट टेट्राफ्लुओरोएथिलीन वायूचे नळकांडे उघडायला गेला. वायू येईना, पण नळकांड्याचे वजन कमी झालेले नव्हते. ते करवतीने कापले तर आत पांढरी, मेणचट भुकटी होती. हे टेफ्लॉन. आम्लाला, उष्णतेला, कशालाच दाद न देणारा हा पदार्थ पाण्यालाही दाद देत नाही, ही पटलाच्या दृष्टीने त्याची खोड.

१९६० च्या दशकात त्याच कंपनीतल्या वाल्थर ग्रोट याने या खोडीवर उपाय काढला. टेफ्लॉनच्या कण्याला जागोजागी फ्लुओरीनयुक्तच फांद्या लावायच्या आणि फांदीच्या टोकाला सल्फोनिक आम्लाचा गट. कणा पाण्याचा द्वेष्टा, टोक पाण्याचे लोभी. अशा साखळ्या एकत्र आल्या की आम्लाची टोके एका ठिकाणी गोळा होतात आणि त्यांच्याभोवती पाणी साठते. १९८० च्या सुमारास गिअर्के याने मांडलेल्या चित्रानुसार ही सुमारे चार नॅनोमीटरची तळी असतात, एक नॅनोमीटर रुंदीच्या पाटांनी जोडलेली. भोवती टेफ्लॉनचा मुरूम. या पदार्थाचे नाव नॅफिऑन. ११७ क्रमांकाचे नॅफिऑन प्रयोगशाळांत फार वापरले गेले. त्यातला ११ हा आकडा आम्लाचे प्रमाण सांगतो आणि ७ हा जाडी, इंचाच्या हजारांश भागांत, म्हणजे लेथवरचा कामगार ज्याला 'थाऊ' म्हणतो त्यात. सात थाऊ म्हणजे सुमारे १७८ मायक्रॉन, दोन-अडीच केसांएवढे. आजच्या गाड्यांतली पटले याच्या दहाव्या भागाएवढी पातळ असतात.

इथे इतिहासातला एक भाग सहसा गाळला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोधक आहे. नॅफिऑन इंधन घटांवर जगले नाही. अंतराळयाने वर्षाला किती पटले विकत घेणार? ते जगले कॉस्टिक सोड्यावर. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा मिळतो, पण दोन बाजूंची उत्पादिते वेगळी ठेवावी लागतात. जुन्या पद्धतीत ऋण अग्र म्हणून वाहता पारा वापरत. थोडा थोडा पारा सांडपाण्यातून बाहेर जाई. जपानमध्ये मिनामाटा येथे १९५६ मध्ये उघडकीला आलेला पाऱ्याचा आजार वेगळ्या, ॲसिटाल्डिहाइडच्या कारखान्यामुळे झाला होता, पण त्याने पाऱ्याविषयी सगळ्या देशाचे डोळे उघडले आणि कॉस्टिक सोड्याच्या उद्योगालाही पारा सोडण्याची सक्ती झाली. १९७५ मध्ये असाही केमिकल कंपनीने नोबेओका येथे पटलावर चालणारा कारखाना सुरू केला. नॅफिऑनसारख्या पटलातून सोडियम जातो, क्लोराइड जात नाही. लिटमसचा प्रयोग केलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नव्हता. ठाणे खाडीच्या आणि उल्हास नदीच्या मुखाकडच्या गाळात पारा सापडल्याची नोंद अनेक अभ्यासांत आहे. भारतातले कॉस्टिक सोड्याचे कारखाने गेल्या काही दशकांत पाऱ्याकडून पटलाकडे वळले. हे पटल मात्र परदेशातून येत राहिले. म्हणजे इंधन घटाची चर्चा आपल्याकडे सुरू होण्याच्या कितीतरी आधी फ्लुओरीनयुक्त पटलाची सवय आपल्या उद्योगाला लागली होती, आणि ते बाहेरून आणण्याचीही.

इंधन घटाला दुसरी संधी १९८० च्या दशकात मिळाली. कॅनडात बॅलार्ड कंपनीने १९८३ पासून संरक्षण खात्यासाठी काम सुरू केले आणि १९९३ मध्ये इंधन घटावर बस चालवून दाखवली. अमेरिकेत लॉस अलामॉस येथे नॅफिऑनचे द्रावण प्लॅटिनमच्या थरात मुरवून प्लॅटिनमचे प्रमाण दर चौरस सेंटिमीटरला चार मिलिग्रॅमवरून त्याच्या दशांशावर आणता आले. पटल आणि त्याच्या दोन्ही अंगांचे उत्प्रेरक थर मिळून एकच जोड-पत्रा, हे आजच्या घटाचे हृदय त्यातून घडले.

आता महाराष्ट्रात येऊ. इथल्या दोन प्रयोगशाळांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या, आणि त्या समजल्या म्हणजे पटलाची अडचण नेमकी कळते.

पहिली अंबरनाथची. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत छोटी प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली, आज नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाणारी संस्था. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला विजेऱ्या भरण्यासाठी वारंवार पृष्ठभागाजवळ यावे लागते, आणि तिथेच ती शत्रूला सापडते. इंधन घट असेल तर ती कितीतरी अधिक काळ खोल राहू शकते. जर्मन नौदलाची २००५ साली दाखल झालेली यू-३१ पाणबुडी बहुवारिक पटलाचे घट वापरते. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी तो मार्ग घेतला नाही. त्यांनी फॉस्फोरिक आम्लाचा घट निवडला. यात आम्ल द्रवरूपच असते, पण सिलिकॉन कार्बाइडच्या बारीक भुकटीच्या थरात शोषून ठेवलेले. घट दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसला चालतो. हायड्रोजनही टाक्यांत भरून न्यायचा नाही, सोडियम बोरोहायड्राइडपासून पाणबुडीतच तयार करायचा. ८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. लार्सन अँड टुब्रो आणि थरमॅक्स हे उद्योग या कामात होते. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत ही यंत्रणा बसवण्यासाठीचा भाग तयार करण्याचा सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार माझगाव डॉकशी केला.

ही निवड जुनाट वाटेल, पण तशी ती नाही. नॅफिऑनचे पटल ओले राहायला हवे, म्हणून घट ऐंशी अंशांच्या फार वर नेता येत नाही. त्या तापमानाला प्लॅटिनम कार्बन मोनॉक्साइडला फार घाबरतो, हायड्रोजनमध्ये दशलक्षात दहा भाग असला तरी त्याची क्रिया मंदावते. दीडशे अंशांच्या वर ही भीती बरीच कमी होते. फॉस्फोरिक आम्ल स्वतःच प्रोटॉन पुढे देते, त्याला पाण्याच्या ओळीची गरज नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे नॅफिऑन विकत आणावे लागत नाही. पाणबुडीच्या बाबतीत या शेवटच्या मुद्द्याचे वजन वेगळे सांगायला नको.

दुसरी वाट पुण्याची. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एन.सी.एल., बहुवारिकांच्या संशोधनात आधीपासून पुढे होती. १९८९ ते १९९५ या काळात तिचे संचालक असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्याच विषयातले. ते पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना, २००० च्या सुमारास, प्रयोगशाळा आणि उद्योग यांना एकत्र आणणारी एक राष्ट्रीय योजना सुरू झाली. इंधन घट हा तिच्यातला एक मोठा विषय ठरला.

एन.सी.एल.मध्ये डॉ. उल्हास खारूल आणि त्यांचे सहकारी पॉलिबेन्झिमिडाझोल या बहुवारिकाच्या पटलांवर काम करत होते, आधी वायू वेगळे करण्यासाठी. हे बहुवारिक १९६१ मध्ये अमेरिकेत व्होगेल आणि मार्व्हल यांनी केले. ते जळत नाही, म्हणून १९६७ च्या अपोलो-१ च्या आगीनंतर अंतराळवीरांच्या कपड्यांसाठी त्याच्याकडे लक्ष गेले. १९९५ मध्ये क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने ते फॉस्फोरिक आम्लात भिजवून इंधन घटात वापरता येते हे दाखवले. त्याच्या साखळीतले नायट्रोजन आम्लाला धरून ठेवतात. म्हणजे अंबरनाथचे आम्ल आणि पुण्याचे बहुवारिक यांची ही गाठ. पुण्यातल्या गटाने या कुळातल्या एका सोप्या भावंडाचाही अभ्यास केला. मूळ बहुवारिकाला दोन वेगळे घटक लागतात, त्यातला एक महाग आणि कर्करोगकारक असल्याचा संशय असलेला आहे. या भावंडाला डायॲमिनोबेंझॉइक आम्ल हा एकच घटक पुरतो, त्याचे रेणू एकमेकांनाच जोडले जातात.

या दिशेने निघालेल्या कामातून पाच किलोवॉटचा उच्च तापमानाचा घटसंच तयार झाला. २०१९ मध्ये परिषदेच्या स्थापनादिनी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी दिल्लीत त्याचे अनावरण केले. मिथेनॉल किंवा जैववायूतील मिथेन हे त्याचे इंधन. एन.सी.एल., कराईकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांनी पुण्याच्या थरमॅक्स आणि मुंबईच्या रिलायन्सबरोबर तो केला. इमारतीत, कार्यालयात सतत चालू राहणाऱ्या संचाला हा घट योग्य. गाडीला नाही. गाडी थंड असताना सुरू व्हावी लागते, दिवसातून दहा वेळा बंद होते. त्या वेळी घटात पाणी साचते आणि त्याबरोबर फॉस्फोरिक आम्ल वाहून जाते.

म्हणून मोटारीसाठी पुण्याने पुन्हा ओल्या पटलाचा रस्ता धरला. २०१६ मध्ये एन.सी.एल. आणि कराईकुडीच्या संस्थेने पुण्याच्या केपीआयटी कंपनीबरोबर काम सुरू केले. १० ऑक्टोबर २०२० रोजी एन.सी.एल.च्या आवारात चाचणीची मोटार धावल्याचे जाहीर झाले. दहा किलोवॉटचा घटसंच, ६५ ते ७५ अंशांवर चालणारा. साडेतीनशे बार दाबाच्या टाकीत १.७५ किलो हायड्रोजन, आणि ताशी ६०-६५ किलोमीटर वेगाने सुमारे २५० किलोमीटरचा अपेक्षित पल्ला. विद्यार्थ्यांना हिशेब करायला लावा. एक किलो हायड्रोजनपासून नऊ किलो पाणी होते, म्हणजे एका टाकीतून पंधरा-सोळा लिटर पाणी, दर किलोमीटरला सुमारे ६३ ग्रॅम. ('पाण्यावर चालणारी गाडी' असे म्हणणाऱ्यांना पाणी नेमके कोणत्या टोकाला आहे हे यातून दाखवता येईल.) २१ ऑगस्ट २०२२ रोजी याच भागीदारीतली बसही पुण्यात दाखवण्यात आली.

वर्तमानपत्रांनी या मोटारीला 'संपूर्ण स्वदेशी' म्हटले. अधिकृत निवेदनातले शब्द अधिक नेमके होते. पटल आणि उत्प्रेरक यांचा जोड-पत्रा कसा करायचा हे ज्ञान परिषदेच्या प्रयोगशाळांचे होते, आणि ते लहान काम नाही. पण जोड-पत्रा करता येणे आणि त्याच्या मधले फ्लुओरीनयुक्त बहुवारिक स्वतः बनवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेट्राफ्लुओरोएथिलीन हा स्फोटक वायू आहे. तो हाताळणारा कारखाना, त्याला फांद्या लावणारी दुसरी रसायने, आणि शेवटी पंधरा मायक्रॉन जाडीचा, कुठेही सुईच्या टोकाएवढे छिद्र नसलेला, शेकडो मीटर लांबीचा गुंडाळा, हे जगात मोजक्याच कंपन्यांना जमले आहे. अमेरिकेत नॅफिऑन आता ड्यू पाँटमधून २०१५ मध्ये वेगळ्या झालेल्या केमूर्स कंपनीकडे आहे. जपानमध्ये असाही कासेई (पूर्वीची असाही केमिकल) आणि ए.जी.सी., चीनमध्ये डोंगयू. प्रयोगशाळेत तळहाताएवढे उत्तम पटल करणारे गट आपल्याकडे आहेत. तळहातापासून गुंडाळ्यापर्यंतचे अंतर शोधनिबंधांत दिसत नाही, कारण त्यावर निबंध छापून येत नाहीत.

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारणे हे त्याचे उद्दिष्ट. पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रांचा एक प्रमुख प्रकार याच पटलावर चालतो, ग्रोव्हचा प्रयोग पुन्हा उलटा करून. म्हणजे पटलाची मागणी मोटारींची वाट न पाहता वाढणार.

त्याच वेळी फ्लुओरीनवर दुसऱ्या बाजूने संकट आले आहे. जो बंध तुटत नाही म्हणून निवडला, तो निसर्गातही तुटत नाही. अशा पदार्थांच्या मोठ्या कुळावर बंधने आणण्याचा प्रस्ताव जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या देशांनी २०२३ मध्ये युरोपीय रसायन संस्थेपुढे ठेवला. त्याच्या आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेच्या थ्री-एम कंपनीने २०२५ अखेर या पदार्थांचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. त्यामुळे फ्लुओरीन नसलेल्या, बेंझीन वलयांच्या बहुवारिकांकडे संशोधक परत वळले आहेत. १९६५ मध्ये जे पटल हरले त्याच्याच घराण्यातली ही नवी पिढी. तिच्यात साखळीचा कमकुवत कार्बन वगळलेला असतो आणि वलये थेट एकमेकांना जोडलेली असतात. आपल्याकडच्या गटांना इथे संधी आहे असे मला वाटते, कारण या बहुवारिकांचा कच्चा माल आपल्या रसायन उद्योगाच्या आवाक्यातला आहे आणि टेट्राफ्लुओरोएथिलीनचा कारखाना त्यासाठी उभारावा लागत नाही.

नवे पटल किती टिकेल हे ठरवायला वेळ लागतो. मोटारीसाठी आठ हजार तासांचे लक्ष्य धरतात, म्हणजे रात्रंदिवस चालवले तर अकरा महिने. ट्रकसाठी पंचवीस हजार तास. इतके थांबणे परवडत नाही म्हणून घट मुद्दाम तापवून, कोरडा करून, पुन्हा भिजवून पटलाला लवकर म्हातारे करतात. आणि त्याची प्रकृती तपासतात ती घटातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावरून. नॅफिऑन असेल तर त्या पाण्यातला फ्लुओराइड मोजायचा, नव्या बहुवारिकांचे असेल तर सल्फेट आणि साखळीचे सुटे तुकडे शोधायचे.